बाटलीतला आवळा आणि टोपलीतला माठ



भाताची लावणी, खताची टंचाई, पीकविमा हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज हा कृषी खात्याचा माणूस गोळ्या-बाटल्यांवर कसा काय लिहायला बसला, असे तुम्हाला वाटेल. वाटणे साहजिक आहे. मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन गावोगाव फिरणारा साधा कर्मचारी आहे. पण गेल्या दोन-तीन हंगामांत बांधावर मला करपा आणि तुडतुड्यांवर जेवढे प्रश्न विचारले गेले, जवळपास तेवढेच एका बाटलीवर विचारले गेले. "साहेब, ते अँटिऑक्सिडंट घ्यावं का? आमच्या मेव्हण्यानं सुरू केलंय. लई फरक पडतो म्हणतो." विचारणारा बहुतेक वेळा बाटली आधीच घेऊन बसलेला असतो. त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. का देत नाही, ते आज जरा सविस्तर सांगतो.

ही बाटली गावात परका माणूस आणत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ती आणतो आपला भाचा, आपला साडू, नाहीतर बचत गटातली एखादी ताई. कुणीतरी बोरिवलीला नाहीतर अंधेरीला एखाद्या हॉलमधल्या सभेला जाऊन आलेला असतो. तिथे त्याला सांगितलेले असते, की आधी स्वतः घ्या, मग चार माणसे जोडा, मग त्यांनी चार जोडावीत. साठ गोळ्यांची बाटली दीड-दोन हजारांची. वर आवळ्याचे, द्राक्षाचे नाहीतर डाळिंबाचे झकास चित्र. तोंडी सांगितलेले गुण मात्र बाटलीवर कुठेच छापलेले नसतात. साखर उतरते, गुडघे मोकळे होतात, मोतीबिंदू अडतो, कर्करोग जवळ येत नाही. छापील काय असते, ते पुढे सांगतो.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या भागातल्या कितीतरी बाया पहाटेच्या गाडीने माल घेऊन मुंबई उपनगरात जातात. लाल माठ, चवळी, मुळा, आंबट चुका, शेपू, पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली. वसईच्या वाडीतली भाजी बोरिवलीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या विकली जाते. आरे कॉलनीच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांवरच्या वारली बाया गोरेगाव, बोरिवली, मुलुंड स्टेशनाबाहेर पोतडे पसरून बसतात. जुडी दहाला देऊ का पंधराला, यावर गिऱ्हाईक घासाघीस करते. उरलेल्या जुड्या दुपारी मिळेल त्या भावाला टाकून बाई घरी येते. आणि त्याच घरात महिन्याला दीड हजाराची बाटली येते, ज्यात माठ, आवळा, गाजर यांच्यातलीच द्रव्ये असल्याचे सांगितलेले असते! हा हिशोब मला तरी पटत नाही. दीड हजार रुपये म्हणजे दहाच्या भावाने दीडशे जुड्या झाल्या.

पण हिशोब बाजूला ठेवू. बाटली खरोखर गुणकारी असेल तर दीडशे जुड्यांचे पैसेही जास्त नाहीत. तेव्हा आधी गुणाचे बघू.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? विळा पावसात राहिला की गंजतो. शेंगदाण्याचे तेल जुने झाले की खवट होते. चिरलेले वांगे थोड्या वेळाने काळे पडते. हे सगळे हवेतल्या प्राणवायूमुळे घडते. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती तयार होताना अशाच प्रकारची क्रिया चालते, आणि तिच्यात काही उनाड कण सुटतात. त्यांना शास्त्रात फ्री रॅडिकल म्हणतात. ते पेशींना इजा करू शकतात. त्यांना आवरणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचे. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजर-माठातले बीटा कॅरोटीन, जांभळाचा जांभळा रंग, टोमॅटोचा लाल रंग ही सारी त्या जातीची. झाड उन्हात दिवसभर उभे असते, त्यालाही स्वतःचे रक्षण करावे लागतेच. म्हणून पानात, सालीत, फळात ही द्रव्ये भरलेली असतात.

इथपर्यंत बाटलीवाला जे सांगतो ते खरे आहे. गडबड पुढे आहे. आपले शरीर काही गंजणारा विळा नव्हे. उनाड कण आवरण्याची स्वतःची व्यवस्था शरीरात असते, आणि सगळेच उनाड कण वाईट नसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतू मारायला हेच कण वापरतात. अंगमेहनत केली की स्नायूंत हे कण वाढतात, आणि त्यावरून शरीराला कळते की आता बळकट व्हायचे आहे. २००९ साली जर्मनीत तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायाम सगळ्यांनी केला, त्यातल्या काहींना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. व्यायामाने इन्सुलिनच्या कामात जी सुधारणा होते, ती गोळ्या न घेणाऱ्यांत दिसली, घेणाऱ्यांत दिसली नाही. म्हणजे दिवसभर चिखलणी करून घरी आलेल्या माणसाने 'थकवा जावा' म्हणून ही गोळी घ्यायची, हा उलटाच कारभार झाला.

सभेत एक प्रयोग दाखवतात, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. काचेच्या ग्लासात पाणी घेतात, त्यात जखमेला लावायचे आयोडीन टाकतात. पाणी तांबूस-काळे होते. मग कंपनीची गोळी नाहीतर रस टाकतात आणि ढवळले की पाणी स्वच्छ! "बघा, तुमच्या शरीरातली घाण अशी साफ होते." टाळ्या पडतात. मंडळी, हा प्रयोग घरी करा. आयोडीनचे दोन थेंब पाण्यात टाका आणि वरून अर्धे लिंबू पिळा. पाणी तसेच निवळेल. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो, हा शाळेच्या प्रयोगशाळेतला धडा आहे. त्याचा तुमच्या यकृताशी किंवा गुडघ्याशी काडीचा संबंध नाही. काचेच्या नळीत कोणत्या पदार्थाची अँटिऑक्सिडंट शक्ती किती, याचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी तक्ता करून प्रसिद्ध केले होते. कंपन्यांनी ते आकडे बाटल्या खपवायला वापरायला सुरुवात केली. शेवटी २०१२ साली त्या खात्याने तो तक्ता मागे घेतला, कारण नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या शरीरात काय होते ते सांगता येत नाही. एका कृषी खात्याने एवढा प्रामाणिकपणा दाखवला, याचे मला कौतुक वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. विशेषतः बिडी ओढणाऱ्या बांधवांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जे लोक भाज्या-फळे भरपूर खातात त्यांना कर्करोग कमी होतो, असे शास्त्रज्ञांना फार पूर्वी दिसले होते. मग त्यांनी विचार केला, की भाजीतले मुख्य द्रव्य काढून गोळीत भरले तर? फिनलंडमध्ये १९८५ नंतर २९,१३३ पुरुषांवर याची चाचणी झाली. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे धूम्रपान करणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिले, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नव्हता, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. लोकांना वाटले काहीतरी चुकले असेल. पण अमेरिकेत १८,३१४ धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी करत असलेल्या आणि अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या लोकांवर अशीच दुसरी चाचणी चालू होती. तिथे बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त आढळले. जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीआधी जवळजवळ दोन वर्षे थांबवावी लागली.

पुढे ई जीवनसत्त्वाचीही तीच तऱ्हा. अमेरिका आणि कॅनडातल्या पस्तीस हजारांवर पुरुषांच्या चाचणीचा पाठपुरावा २०११ साली प्रसिद्ध झाला. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त होता. २०१२ साली अशा ७८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. एकूण माणसे जवळपास तीन लाख. या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित जास्तच दिसले. २०२२ साली अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने कर्करोग किंवा हृदयरोग टाळण्यासाठी या दोन गोळ्या घेऊ नयेत, असे स्पष्टच सांगितले.

गाजर खाल्ल्याने असे होत नाही, बरं का. गाजरात, माठात, शेवग्याच्या पाल्यात हेच बीटा कॅरोटीन आहे. पण तिथे ते शेकडो द्रव्यांच्या मेळ्यात, थोड्या प्रमाणात, चोथ्यासकट पोटात जाते. पिकाला नत्र लागते म्हणून कोणी गुंठाभर वाफ्यात अख्खी गोण ओतत नाही. ओतली तर पीक जळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल आणि बाटली आणलेली असेल तर मागची बारीक अक्षरे आजच वाचा. वाचता येत नसतील तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. बीटा कॅरोटीन असे लिहिलेले असेल तर ती बाटली बंद करून ठेवा. टाटा हॉस्पिटलला ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांनी तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अशी एकही गोळी तोंडात घालू नये. आपल्या भागातून परळला उपचारांना जाणारी माणसे मी पाहतो. नातेवाईक प्रेमापोटी बाटल्या आणून देतात. २०२० साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायांवरचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपीच्या आधी आणि ती चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याकडे जास्त कल दिसला. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेपासून लांब राहावे, रक्तस्रावाचा धोका असतो. आणि गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जास्त मात्रेने बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतो.

हळदीचेही दोन शब्द सांगतो, कारण 'ती तर आपली घरचीच' म्हणून कोणी विचार करत नाही. फोडणीतली चिमूटभर हळद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण हळदीतला सत्त्वांश काढून, त्यात मिरीचा अर्क घालून, शोषण वाढवलेल्या कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद बाहेरच्या देशांत झाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये तशी सूचना काढली. घरचे आहे म्हणून कितीही घेतले तरी चालते, असे नाही.

मग गोळ्या सगळ्याच वाईट? नाही, तसे मी म्हणत नाही. चीनमधल्या लिनशियान भागात जवळपास तीस हजार लोकांवर एक चाचणी झाली, तिचा निकाल १९९३ मध्ये आला. तिथे बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांनी घटले. पण तिथल्या लोकांच्या आहारातच ही द्रव्ये कमी होती. जमिनीत जस्त कमी असेल तर झिंक सल्फेटचा गुण येतो, भरपूर असेल तर पैसे वाया जातात. माती परीक्षण न करता खत टाकू नका, हे आम्ही तुम्हाला ओरडून सांगतो. शरीराचेही तसेच आहे. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा एक विशिष्ट आजार होतो. त्याच्या मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना नेत्रतज्ज्ञ विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्ताच्या गोळ्या देतात, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्यातूनसुद्धा नंतर बीटा कॅरोटीन काढून टाकले.

आणि उपकेंद्रात, अंगणवाडीत मिळणाऱ्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या? त्या घ्यायच्याच. बालकांना दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस? तो चुकवायचा नाही. इथे मला खरा राग येतो. आपल्या भागातल्या बायांमध्ये रक्त कमी असणे ही घरोघरची तक्रार आहे. एका पाड्यावर मी पाहिले, फुकट मिळालेल्या लाल गोळ्यांची पाकिटे पत्र्याच्या डब्यात तशीच पडलेली आणि शेजारी ही महागडी बाटली. "सरकारी गोळीने मळमळतं हो, ही चांगली पचते." पचणारच. तिच्यात लोह पुरेसे असेल तर ना! मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, आशाताईला सांगा, डॉक्टर वेगळी देतील. पण फुकटची म्हणून खोटी आणि महागाची म्हणून खरी, हा न्याय आपण औषधाला लावायला लागलो तर कठीण आहे.

आता मी मुंबई उपनगरातलीच एक गोष्ट सांगतो. ती या पानावर कधीच यायला हवी होती.

वांद्रे, खार, अंधेरी या पट्ट्यातल्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या डॉ. कॅरोलिन फॉल व त्यांचे सहकारी यांनी तो केला. प्रश्न साधा होता. गोळी नको, पालेभाजी, फळ आणि दूध हेच गरोदरपणाच्या आधीपासून रोज पोटात गेले तर आई आणि बाळ यांना काय फरक पडतो? ६,५१३ विवाहित बायांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला रोज समोसा-भज्यांसारखा खाऊ द्यायचा, त्यात पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेले. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा खाऊ, पण त्यात बटाटा, कांदा अशा कमी जीवनसत्त्वांच्या वस्तू. किती शहाणपणाची युक्ती बघा! उपदेश करून पालेभाजी खा म्हटले असते तर कोणी खाल्ली नसती. समोसा म्हटल्यावर बाया आल्या.

निकाल मी आहे तसा सांगतो, फुगवून नाही. बाळाच्या वजनात सगळ्या गटाचा मिळून ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून हा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. हा भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी किडकिडीत बायांना मात्र वजनाचा लाभ झाला नाही. त्यांना नुसती भाजी पुरत नाही, पोटभर अन्नही लागते, असा मी तरी त्याचा अर्थ घेतो. पुढे २०१६ मध्ये दुसरा निकाल आला. गरोदरपणात होणारा मधुमेह बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के बायांना झाला होता, पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात ७.३ टक्के. शंभरातल्या पाच बाया वाचल्या, त्याही औषधाशिवाय.

हा फरक अँटिऑक्सिडंटने पडला का? कोणी सांगू शकत नाही. त्यात फोलेट होते, कॅल्शियम होते, दुधाची प्रथिने होती, चोथा होता. पालेभाजी एकट्या द्रव्यासाठी खायची नसते, हेच तर त्यातून कळते. आणि ही चाचणी परदेशात झालेली नाही, आपल्या भाजीच्या बाजारपेठेतच झाली आहे. असल्याच चाळी-वस्त्यांत आपल्या जुड्या विकल्या जातात. बाटलीवाल्याकडे मुंबईतल्या बायांवर केलेली अशी एक तरी चाचणी आहे का, हे त्याला विचारून बघा.

आता थोडे घरचे गणित. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. क जीवनसत्त्वाची गरज पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. शंभर ग्रॅमच्या पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम असते. आवळ्यात २०१७ च्या तक्त्यानुसार अडीचशेच्या आसपास. (आमच्या जुन्या पुस्तकांत आवळ्याचा आकडा सहाशे होता, बाटलीवाले अजून तोच सांगतात. पण अडीचशे म्हणजे काही कमी नाही.) म्हणजे पेरूची अर्धी फोड खाल्ली की दिवसाचे काम झाले. वरचे शरीर साठवत नाही, लघवीवाटे टाकते. हजार मिलिग्रॅमची गोळी घेणारा माणूस त्यातला बराच भाग गटारात घालतो. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सगळ्यांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे रांगा लावल्या होत्या, आठवते ना? पुढच्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत क जीवनसत्त्व आणि जस्ताच्या मोठ्या मात्रेने घरी उपचार घेणारे करोना रुग्ण लवकर बरे झाले असे दिसले नाही.

भाजी करताना दोन गोष्टी सांभाळा. आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात घालून ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर मोरीत जाते. आणि पालेभाजीला थोडे तेल हवेच, कारण माठ-शेवग्यातले कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही. आपल्या आज्या शेवळ्याच्या भाजीत काकडाची फळे घालत, घशाला खाज सुटू नये म्हणून. रानभाजीचे असे ज्ञान त्यांच्याकडे होते. ते लिहून ठेवा. नव्या सुनांना शेवळे ओळखता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

इथे माझ्या स्वतःच्या खात्याबद्दलही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्यालाच शिकवतो. पावसाळ्यात आम्ही रानभाजी महोत्सव भरवतो. चांगला उपक्रम आहे, पाड्यावरच्या बायांना चार पैसे मिळतात. पण काही स्टॉलवर पाट्या लागतात: 'करटोली – मधुमेहावर रामबाण', 'टाकळा – कर्करोग प्रतिबंधक', 'अँटिऑक्सिडंटचा खजिना'. मला हे अजिबात पसंत नाही. बाटलीवाला जे बोलतो तेच आपण टोपलीवर लिहायला लागलो तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पाटी वाचून एखाद्याने साखरेची गोळी बंद केली तर? करटोली ताजी आहे, रानातली आहे, औषध न मारलेली आहे, चवीला उत्तम आहे, एवढे खरे लिहिले तरी अंधेरीचे गिऱ्हाईक घेते. बहाडोलीचे जांभूळ रंगाने, गराने आणि चवीने विकते, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मधुमेहाची पाटी लावायची त्याला काय गरज?

औषध न मारलेली, असे म्हटले खरे, पण ते खरे असायला हवे. पालेभाजी तीस-पस्तीस दिवसांत निघते. शेवटच्या आठवड्यात अळी दिसली म्हणून फवारा मारला आणि तिसऱ्या दिवशी जुड्या बांधल्या, असे करणारे आपल्यात आहेत. नावे घेत नाही. डब्यावर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो, तो पाळायचाच. घाटकोपर-मुलुंडकडे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर घेतलेल्या पालेभाजीच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या. तेव्हापासून उपनगरातले गिऱ्हाईक पालक हातात घेऊन आधी विचारते, "कुठली आहे?" हा प्रश्न आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. विहिरीच्या पाण्यावरची, अमुक गावची, असे छाती पुढे काढून सांगता आले पाहिजे. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की ते भाजी सोडून त्या गोळीकडेच वळते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील यांच्यासाठी थोडे. थेट विक्रीबाबतचे केंद्राचे नियम डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. माणसे जोडून साखळीतून पैसे कमावण्याची योजना त्यानुसार बंद आहे. विक्रेत्याने ओळखपत्र आणि आधी घेतलेली परवानगी याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही, असाही नियम आहे. तेव्हा समाजमंदिर किंवा शाळेची खोली 'आरोग्य शिबिर' या नावाखाली कोणी मागितली तर तीन गोष्टी विचारा. डॉक्टर कोण, नोंदणी क्रमांक काय, आणि शेवटी काही विकणार आहात का? तिसऱ्या प्रश्नाला चुळबुळ झाली की खोलीची किल्ली देऊ नका. आणि मघाशी म्हटले ते बाटलीवरचे छापील. अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असा इशारा छापणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे. बहुधा तो बारीक इंग्रजीत असतो. ग्रामसभेत एकदा बाटली हातात घेऊन तेवढी एक ओळ मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. साखर उतरवणारी, मोतीबिंदू अडवणारी म्हणून विकलेली बाटली स्वतःच काय म्हणते, ते लोकांना ऐकू द्या. फसवणूक झाली असेल तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवा. पावतीच दिलेली नसेल तर तीही तक्रारच आहे.

जाता जाता शेवग्याचे सांगतो, कारण विचारणा होत असते. परसात एक झाड पुरे. दापोलीच्या विद्यापीठाचे 'कोकण रुचिरा' हे वाण आपल्याकडे चांगले येते. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, हात-दीड हात लांबीची फांदी पाण्याचा निचरा होईल अशा जागी लावा, चिखलात लावली तर कुजते. झाड डोक्याच्या वर गेले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील आणि पाला हाताला येईल. पाला कोवळा असतानाच काढा. अंगणवाडीच्या कुंपणाला लावायच्या असतील तर सेविकाताईंनी मे महिन्यातच आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला सांगून ठेवावे. जून उजाडला की आम्ही भाताच्या बियाण्यात अडकतो आणि मग फांद्या मिळवून द्यायला वेळ सापडत नाही.